रूळ आखायच्या आधी ओढा आखा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती, आमच्या तालुक्यात दौंड-मनमाड लाइनीला लागून पेट्रोल-डिझेलचा डेपो आणि त्याची रेल्वे सायडिंग, म्हणजे मुख्य लाइनीतून डेपोत जाणारा रुळांचा फाटा, येणार म्हणून. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण अजून तसं काही घडलेलंच नाही, मोजणीवाले आले, लाल रंग लावलेल्या खुंट्या ठोकल्या आणि गेले, एवढंच. बातमीत नोकऱ्या किती, एकरी भाव किती, पुढारी काय म्हणाले हे सगळं होतं. पण त्या खुंट्यांची रांग आमच्या ओढ्याला तीन ठिकाणी कापते हे नव्हतं. मी स्वतः चालत जाऊन बघितलंय, तीन ठिकाणी. म्हणून हे पत्र. लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण मोरीचा, म्हणजे भरावाखालून पाणी जायच्या वाटेचा, भाग तेवढा कापू नका.

आधीच सांगतो, मी विरोध करायला बसलेलो नाही. गावात दोन गट पडलेत, एक म्हणतो डेपो नकोच आणि दुसरा म्हणतो लवकर आणा, आणि मला दोन्हीकडून शिव्या पडतायत. डिझेल आपल्या सगळ्यांनाच लागतं, माझ्या ट्रॅक्टरलाही लागतं. पानेवाडी, अकोळनेर, पाकणी, गायगाव, बोरखेडी, ताडाळी, असे डेपो राज्यात वर्षानुवर्षं आहेत म्हणून आपल्या पंपावर तेल येतं. आणि रेल्वेनं आलेलं कधीही बरं. एका टँक वॅगनमधे साधारण ७० हजार लिटर बसतं, पन्नासेक वॅगनचा रेक धरला तर ३५ लाख लिटर झालं, तेवढंच रोडनं आणायचं तर २० हजार लिटरचे पावणेदोनशे टँकर घाटातून आणि गावागावातून पळवावे लागतील. त्यापेक्षा रूळ बरे. माझं म्हणणं एवढंच आहे की ते रूळ कुठून न्यायचे हे ठरवताना कागदावर ओढा सगळ्यात आधी काढा, आणि मग जागा उरेल तिथं रूळ काढा. आत्ता उलटं चाललंय, आधी रूळ, मग टाक्या, मग ऑफिस, मग गेट, मग गार्डन, आणि शेवटी कुणाच्या तरी लक्षात येतं की अरे इथून पाणी जातंय, मग टाका दोन पाइप.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी बावीस वर्षं वेगवेगळ्या ठेकेदारांकडे साइट सुपरवायझर होतो, मातीकाम, मोऱ्या, पिचिंग (काठाला-भरावाला दगड बसवायचं काम), हेच माझं आयुष्य. इंजिनियर नाही, डिप्लोमा पण अर्धवट, पण सायडिंगची कामं चार केली आणि त्यातल्या तीन ठिकाणी पहिल्याच पावसाळ्यात आम्हाला परत बोलावलं गेलं, ह्यातून काय कळायचं ते कळलं.

आता सायडिंग आणि ओढ्याचं भांडण नेमकं कशावरून होतं ते सांगतो, कारण गावातल्या मीटिंगमधे हे कुणीच बोलत नाही. ट्रकचा रस्ता कसाही वळवता येतो, चढ-उतार चालतो. रेकचं तसं नाही. पन्नास वॅगन म्हणजे सव्वासहाशे मीटरच्या आसपास लांबी, वर इंजिन, आणि जिथं वॅगन उभ्या करून तेल उतरवायचं ती जागा जवळजवळ सपाट पाहिजे, नाहीतर ब्रेक सुटला की रेक चालायला लागेल. रेल्वेच्या नियमात नवीन यार्डाचा उतार ४०० ला १ पेक्षा जास्त नको आणि शक्यतो १२०० ला १ एवढाच ठेवा असं आहे. म्हणजे सव्वासहाशे मीटरात फार तर दीड मीटर, खरं तर अर्धाच मीटर. आणि आपली जमीन? आमच्या शिवारात शंभर मीटरला एक मीटर उतार सहज आहे. तर ह्या टोकाला आणि त्या टोकाला सहा मीटरचा फरक पडतो. मग एका टोकाला खोदा आणि दुसऱ्या टोकाला भराव घाला. तो भराव बरोबर सखल बाजूला येतो, आणि सखल बाजूला काय असतं? ओढाच असतो, दुसरं काय असणार.

हे टाळायचा रस्ता आहे आणि तो फुकटात आहे. सायडिंग उताराला आडवी टाकायची, म्हणजे पाणलोटाच्या कामात आपण समतल चर खणतो तशी. मग खोदाई-भराव दोन्ही कमी होतात, आणि ओढा जिथं ओलांडायचा तिथं तो काटकोनात आणि एकदाच ओलांडला जातो. मोरी लहान, खर्च कमी. आमच्याकडच्या खुंट्या बघितल्या तर सायडिंग उताराच्या दिशेनं तिरकी चाललीय आणि ओढा पण तिकडेच चाललाय, दोघं शेजारी शेजारी, म्हणून तीनदा गाठ पडते. ती लाइन वरच्या अंगाला शंभर-सव्वाशे मीटर सरकवून फिरवली तर माझ्या अंदाजानं एकच क्रॉसिंग राहतं. वरची जमीन माळरान आहे, भाव पण कमी आहे. पण वरची जमीन चार जणांच्या नावावर आणि खालची एकाच्या, आणि तो एक जण विकायला तयार, मग काय, लाइन खालून. बहुतेक ठिकाणी लेआउट असंच ठरतं साहेब, तांत्रिक कारणं नंतर लिहिली जातात.

आणि मग पुढची आयडिया निघते ती म्हणजे ओढाच वळवू. हे ऐकलं की मला धडकीच भरते. वळवायचा म्हणजे काय करतात, पोकलेन लावतात आणि कंपाउंडच्या कडेनं सरळ चर काढतात. समजा वळणं वळणं घेत ओढा ४०० मीटर जात होता आणि त्यात दोन मीटर खाली उतरत होता. तुम्ही त्याला सरळ करून २५० मीटरचा केला. उतरायचं तेवढंच, दोन मीटर, पण आता कमी लांबीत. म्हणजे उतार वाढला, पाण्याचा जोर वाढला, आणि पाणी तळ खायला लागतं. तुमच्या कंपाउंडच्या आत तुम्ही काँक्रीट केलं असेल, तुमचं काही जात नाही, पण काँक्रीट संपतं तिथं खालच्या शेतकऱ्याचा बांध दोन वर्षांत ढासळतो. वर सगळ्यांना वाटतं की पाऊसच जास्त झाला. शिवाय ओढा काही कंपनीच्या सातबाऱ्यात येत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदी, ओढे, नाले ह्यांचा तळ सरकारचा. दोन्हीकडची जमीन विकत घेतली म्हणून मधला ओढा विकत मिळत नाही, हे आमच्या गावातल्या एजंट लोकांना कुणीतरी सांगा.

आता मोरी. एका साइटवर, जिल्हा सांगत नाही, ड्रॉइंगमधे तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच बॉक्स मोरी होती. काम मार्चमधे चालू झालं, बॉक्सला स्टील बांधायचं, शटरिंग, क्युरिंग, वेळ जातो, आणि कंपनीला पावसाळ्याआधी भराव पूर्ण पाहिजे होता. मग साइटवर एक मीटिंग झाली, उभ्या उभ्या, गाडीच्या बॉनेटवर ड्रॉइंग ठेवून, आणि ठरलं की तात्पुरते ९०० मिलीमीटर व्यासाचे दोन ह्यूम पाइप, म्हणजे सिमेंटचे गोल पाइप, टाकू, बॉक्स पुढच्या सीझनला करू. पाइप मीच टाकून घेतले, हे पण लिहितो, लपवायचं काय. आता हिशोब बघा. बॉक्सची जागा सहा चौरस मीटर. दोन पाइपांची मिळून सव्वा चौरस मीटर. वरचा पाणलोट समजा एकच चौरस किलोमीटर, त्यावर तासाभरात ५० मिलीमीटर पाऊस झाला आणि त्यातलं निम्मं जिरलं, तरी अडीच कोटी लिटर पाणी खाली येतं. तासाभरात ते सव्वा चौरस मीटरच्या भोकातून जायचं तर सेकंदाला साडेपाच मीटरच्या वेगानं गेलं पाहिजे, अख्खा तास. बॉक्समधून तेच पाणी माणूस चालतो त्याच्यापेक्षा सावकाश गेलं असतं.

ऑगस्टात एका रात्री झाला पाऊस. सकाळी आम्ही गेलो तेव्हा भरावाच्या वरच्या बाजूला तळं झालेलं, पाण्यावर कडब्याच्या पेंढ्या, प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक मेलेली शेळी तरंगत होती, आणि पाइपांची तोंडं दिसतच नव्हती. काट्याकुट्यांनी बुजली होती. दुपारी दोनच्या सुमाराला भरावाच्या खालच्या अंगाला एक ओला डाग दिसला, ताटाएवढा. तो बघता बघता मोठा झाला आणि तिथून मुरूम वाहायला लागला, आणि मग पंधरा मिनिटांत वीस मीटर भराव गेला. रूळ आणि स्लीपर हवेत, शिडी आडवी टांगल्यासारखे. सगळी माती खालच्या एका बाईच्या विहिरीत जाऊन बसली, बांधलेली विहीर, पंचेचाळीस फूट खोल, वरपर्यंत गाळ. नुकसानभरपाई मिळाली तिला, दीड वर्षानं, आणि गाळ काढायचा खर्च सुद्धा निघाला नाही त्यातून. त्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो. ती ओरडली नाही काही नाही, फक्त विहिरीच्या काठावर उभी राहून विचारलं, ह्यात मोटर होती, ती कुठं शोधू?

मोरी वाहून गेली नाही तरी दुसरी एक गोष्ट होते जी इंजिनियर लोकांच्या पण डोक्यात नसते. पाइपातून पाणी जोरात बाहेर पडतं आणि खालच्या तोंडाशी खड्डा पाडतं. दोन-तीन वर्षांत पाइपाचं तोंड हवेत लटकतं, खाली दोन-तीन फुटांवर डोह. आमच्याकडे पहिल्या-दुसऱ्या पावसाला चढणीचा मासा वर येतो, लहानपणी आम्ही पोती आणि टोपल्या घेऊन रात्री जायचो बॅटऱ्या घेऊन. तो मासा त्या पाइपापाशी येऊन थांबतो. उड्या मारतो आणि परत पडतो. एकदा का वर जायचा रस्ता बंद झाला की वरच्या डोहात अंडीच पडत नाहीत, मग पाच-सहा वर्षांनी लोक म्हणतात मासे कमी झाले, औषध फवारणीमुळं असेल. असेलही, पण पाइप कुणी बघत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे, तिथं साल्मन मासा फार महत्त्वाचा, त्यांनी ओढ्याच्या मोरीचा एक साधा हिशोब ठेवलाय, की ओढा काठोकाठ भरल्यावर जेवढा रुंद होतो त्याच्या सव्वापट, आणि वर अजून दोन फूट, एवढी मोरी रुंद पाहिजे. अगदी नेमकं सांगायचं तर १.२ पट. आणि मोरीचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा खाली गाडायचा, म्हणजे आतून पण नैसर्गिक वाळू-गोटे राहतात, माशाला कळत पण नाही की आपण मोरीतून चाललोय. आपल्याकडे साल्मन नाही, पण मळे, झिंगे, वाम, मरळ आहेत ना. बॉक्स मोरीचा तळ फूटभर खाली घ्यायला जादा खर्च कितीसा येतो, मी बिलं बघितलेली आहेत, सायडिंगच्या खर्चात तो दिसत पण नाही.

कामाच्या काळातलं पण थोडं सांगतो. ओढ्याजवळचं काम मृगाच्या आधी संपवायचं नाहीतर दिवाळीनंतर चालू करायचं, मधे हात लावायचा नाही, हा एक नियम जरी टेंडरमधे घातला तरी निम्मा त्रास जातो. खोदलेली माती काठावर टाकायची नाही, आम्ही नेहमी तिथंच टाकायचो कारण डंपरची एक फेरी वाचते. काळी माती भरावाच्या बाहेरच्या अंगाला वापरायची नाही, भेगा पडते आणि मग सरकते, वरून मुरमाचा थर आणि त्यावर हरळी लावायची. हरळीचा आयटम प्रत्येक टेंडरमधे असतो, त्याचं बिल पण निघतं, पण तिला पाणी घालायला माणूस कुणी ठेवत नाही, एप्रिलात लावलेली हरळी मे महिन्यात जळून जाते. आणि पोकलेनचं ऑइल ओढ्याच्या काठावर बदलायचं नाही, ट्रान्झिट मिक्सर ओढ्यात धुवायचा नाही. हे वाचून कुणाला वाटेल एवढं काय त्यात, पण सिमेंटचं पाणी डोहात गेलं की दुसऱ्या दिवशी मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात. मी बघितलंय आणि त्या दिवशी साइटवरच्या पोरांनी ते गोळा करून खाल्ले पण.

काठावरची झाडं हा पण विषय आहे. करंज, उंबर, निरगुडी, शिंदी, हे काय कुणी लावलेलं नसतं, पण तेच काठ धरून ठेवतात. सर्व्हे करताना दुर्बिणीला आडवी येतात म्हणून पहिल्याच दिवशी तोडली जातात, लाइन फायनल व्हायच्या आधी. नंतर लाइन बदलली तरी झाडं गेली ती गेलीच.

आता तेलाचं. डेपोच्या टाक्यांभोवती भिंत असते, तिला डाइक म्हणतात, आतली सगळ्यात मोठी टाकी पूर्ण रिकामी झाली तरी तेल आत मावेल एवढी ती असावी लागते. नियम चांगला आहे, आणि त्याची तपासणी पण होते, परवाना देणारं पेसोचं, म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमची सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या खात्याचं, मुख्य ऑफिस आपल्या नागपूरलाच आहे. पण तेल टाकीत असताना जेवढं सांडतं त्यापेक्षा जास्त ते उतरवताना सांडतं, आणि ते उतरवायचं काम डाइकच्या बाहेर, रुळांवर होतं. पन्नास वॅगन, प्रत्येकीला खालून होज जोडायचा, म्हणजे पन्नास जोड, आणि रेक लवकर सोडायचा नाहीतर डेमरेज, म्हणजे वॅगन अडकवून ठेवल्याचा दंड, लागतो, म्हणून घाई. एका ठिकाणी मी पिचिंगच्या कामाला होतो तेव्हा बघितलं, एका वॅगनच्या खालच्या व्हॉल्व्हमधून डिझेल ठिबकत होतं, धार नव्हती, नुसता ठिपका ठिपका. तिथल्या पोरानं खाली रंगाची रिकामी बादली ठेवली आणि चहाला गेला. परत आला तेव्हा बादली भरून वाहत होती आणि खाली खडी काळी झालेली. त्यानं बादली उचलली आणि शेजारच्या गटारात ओतली, रिकामी करून परत ठेवली. वाईट हेतू नव्हता हो त्याचा, त्याला कुणी दुसरी जागाच दिलेली नव्हती. ते गटार पावसाचं होतं आणि सरळ ओढ्यात उतरत होतं. पहिल्या पावसाला त्या ओढ्यावर निळा-जांभळा तवंग आला होता, लहान पोरं त्याला इंद्रधनुष्य म्हणत होती.

म्हणून तेल उतरवायच्या जागेवर रुळांखाली खडी ठेवायचीच नाही, काँक्रीटचा एप्रन म्हणजे पक्की फरशी करायची, त्याला कडेनं उंचवटा, आणि त्याचं पाणी वेगळ्या नाल्यानं तेल-पाणी वेगळं करणाऱ्या टाकीत न्यायचं. छपराचं, रस्त्याचं स्वच्छ पाणी ह्या पाण्यात मिसळू द्यायचं नाही, नाहीतर जोराच्या पावसात ती टाकीच भरून वाहते आणि आत साठलेलं सगळं तेल घेऊन बाहेर पडते. अमेरिकेच्या नियमात ह्याचं माप दिलंय, जमिनीवर १,३२० गॅलन म्हणजे पाच हजार लिटरपेक्षा जास्त तेल साठवत असाल आणि ते ओढ्या-नदीत जाऊ शकत असेल तर बंदोबस्ताचा प्लॅन सक्तीचा, आणि वॅगन किंवा टँकर भरायच्या-उतरवायच्या रॅकपाशी निदान एका वॅगनचा सगळ्यात मोठा कप्पा पूर्ण सांडला तरी मावेल एवढी सोय पाहिजे. आपल्या हिशोबात एक वॅगन म्हणजे ७० हजार लिटर. तेवढा खड्डा काही फार मोठा नाही, शेततळ्यापुढं काहीच नाही.

आमच्याकडे ह्याचं जास्त महत्त्व आहे कारण आपला खडक. खाली काळा पाषाण, वर मुरूम. वाळूच्या जमिनीत तेल सावकाश पसरतं, शोधता तरी येतं. पाषाणात ते भेगेनं जातं, जशी आपली विहीर एका बाजूच्या झऱ्यानं भरते तसंच. शेजारच्या विहिरीला काही नाही आणि तिसऱ्या शेतातल्या बोअरला वास, असं होऊ शकतं. आणि ओढ्याचा डोह भरला की आजूबाजूच्या विहिरींना पाणी वाढतं हे आमच्याकडे शेंबडं पोर पण सांगेल, म्हणजे ओढ्यात गेलेलं विहिरीत यायला रस्ता तयारच आहे. ज्या जिल्ह्यात हिवरेबाजार आणि राळेगणसिद्धी आहे त्या जिल्ह्यात तरी हे समजावून सांगायची वेळ येऊ नये. आमच्या ओढ्यावर सुद्धा लोकांनी श्रमदान करून दोन बांध घातलेत, त्यातला एक तर बरोबर खुंट्यांच्या रांगेत येतोय.

कुणी म्हणेल एवढं कुठं होतं. डिसेंबर २०२३ मधे चेन्नईला मिचाँग वादळाचा पाऊस झाला तेव्हा मनाळीच्या रिफायनरी भागातलं तेल पुराच्या पाण्याबरोबर बकिंगहॅम कालव्यातून एन्नोरच्या खाडीत गेलं, कोळी लोकांच्या होड्या, जाळी सगळं काळं झालं, हरित लवादाला दखल घ्यावी लागली. पुराचं पाणी आवारात शिरलं आणि आत जे काही साठलेलं होतं ते घेऊन निघालं. जयपूरला २९ ऑक्टोबर २००९ ला सीतापुऱ्याच्या डेपोला आग लागली, अकरा माणसं गेली. तिथं डाइकची भिंत होती की, पण भिंतीतला पाणी सोडायचा व्हॉल्व्ह उघडा होता, पेट्रोल त्यातून बाहेर पडलं. भिंत बांधायला लाखो रुपये आणि एक व्हॉल्व्ह बंद ठेवायला माणूस नाही. आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात २ जानेवारी १९८८ ला डिझेलची एक अख्खी टाकी भरता भरता फाटली, जवळपास दीड कोटी लिटर, त्याची लाटच उठली आणि भिंतीवरून पलीकडे गेली, शेजारच्या जागेत पावसाच्या पाण्याचं एक गटार होतं त्यातून लाखो लिटर मोनोंगाहेला नदीत, आणि खालच्या शहरांचं पिण्याचं पाणी बंद करावं लागलं. म्हणजे तिन्हीकडे बघा, तेल काही जादूनं बाहेर गेलं नाही, पाण्यासाठी केलेल्या रस्त्यानंच गेलं. म्हणून मी म्हणतो की डेपोतलं प्रत्येक गटार शेवटी कुठं उतरतं हे नकाशावर लाल पेनानं काढून गावाला दाखवा, आणि ओढ्यात उतरायच्या आधी तिथं एक गेट ठेवा, हातानं खाली पाडता येईल असं, लाइट गेली तरी चालणारं. आग लागली तर विझवायचं पाणी पण तिकडूनच येणार आहे. चार तास पुरेल एवढं पाणी साठवायचा नियम आहे डेपोला, मग ते चार तासांचं पाणी, फेस, अर्धवट जळालेलं तेल, हे सगळं जाणार कुठं ते पण सांगा.

कागदपत्राचं एक त्रांगडं आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत तेलाचा असा साठा पर्यावरणाची परवानगी लागणाऱ्या कामांच्या यादीत येतो, पण रेल्वे लाइन त्या यादीतच नाही. त्यामुळं होतं काय की टाक्यांचा अभ्यास जाडजूड आणि सायडिंगच्या भरावावर दोन ओळी. ओढ्याला तर टाक्यांपेक्षा भरावच जास्त छळणार आहे. दुसरं, पूररेषा. जलसंपदा खात्याची निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. पण ह्या रेषा मोठ्या नद्यांना असतात, आमच्यासारख्या ओढ्याला कुणी आखलेल्या नाहीत. मग रिपोर्टमधे लिहिलं जातं की पूररेषेच्या बाहेर आहे. रेषाच नाही तर बाहेरच असणार ना साहेब! रेल्वेचे स्वतःचे पूल ५० वर्षांच्या पुराला धरून बांधतात, आमच्या गावाजवळच्या जुन्या पुलावर पांढऱ्या पट्ट्यांनी पुराची पातळी रंगवलेली आहे, मग सायडिंगच्या मोरीला वेगळा न्याय कशाला.

जनसुनावणी लागली तर त्याची नोटीस निदान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि रिपोर्टचा गोषवारा मराठीत द्यावा लागतो. माझी गावातल्या पोरांना विनंती आहे की व्हॉट्सॲपवर नको नको आणि हवा हवा करण्यापेक्षा तो गोषवारा घ्या आणि त्यात तीनच गोष्टी शोधा. ओढा किती वेळा ओलांडलाय, प्रत्येक मोरीची रुंदी-उंची किती आहे, आणि तेल उतरवायच्या एप्रनचं पाणी कुठं जातं. तिथं "योग्य ती उपाययोजना करण्यात येईल" असं लिहिलेलं असेल तर समजा की काहीच ठरलेलं नाही, आणि तेच बोलायला उठा. कंपनीला पण सांगतो, ह्यात तुमचा तोटा नाही. जी सायडिंग पहिल्या पावसात वाहून जाते तिथं रेक येत नाही, आणि रेक आला नाही की तुमचं किती नुकसान होतं ते तुम्हाला जास्त माहिती. आम्हाला तीन वेळा परत बोलावलं तेव्हा भरावाचं काम दुप्पट रेटनं केलं होतं आम्ही, पावसात चिखलात कोण येतंय.

आणि डेपोच्या आतलं पाणी. २० एकरांवर काँक्रीट आणि डांबर झालं की ५० मिलीमीटरच्या पावसात ४० लाख लिटर पाणी जमा होतं, आज त्यातलं बरंच माळावर जिरतं, उद्या सगळं एकदम ओढ्यात येणार. तर आतच एक तळं करा, सावकाश सोडा. उन्हाळ्यात तुमच्याच झाडांना होईल.

एक शेवटचं. सर्व्हेवाल्यांमधला एक तरुण इंजिनियर मला भेटला होता, चांगला मुलगा, लॅपटॉपवर सगळं दाखवलं त्यानं, पाणलोट किती, पाऊस किती, फॉर्म्युल्यानं पूर किती. मी विचारलं पाणी खरं कुठपर्यंत येतं ते कुणाला विचारलं का. तो म्हणाला ह्या ओढ्यावर पाणी मोजायचं कसलं गेजच नाही, डेटा नाही. आता ओढ्याच्या काठाला आमचा मारुती आहे, त्याच्या पाराला पाच पायऱ्या. २००६ च्या ऑगस्टात पाणी तिसऱ्या पायरीला लागलं होतं, वडिलांनी छिन्नीनं तिथं रेघ मारून ठेवलीय, आणि चौथ्या पायरीवर एक जुनी रेघ आहे ती आजोबांच्या वेळची, साल कुणाला आठवत नाही. खुंटी नंबर चौदा त्या तिसऱ्या पायरीपेक्षा खाली आहे, मी नळीनं पाण्याची पातळी लावून बघितलं, साधारण दोन फूट. त्या मुलानं किंवा त्याच्या साहेबांनी कधीही यावं, रेघ दाखवतो, नळी माझ्याकडं आहे, चहा पण माझ्याकडंच.

आपला एक वाचक
(निवृत्त साइट सुपरवायझर, सध्या शेती)
जि. अहिल्यानगर